दोर काठावर असू द्या

मार्च लागला की विदर्भात आणि मराठवाड्यात गच्चीवर, माळ्यावर टाकलेले कूलर खाली उतरतात. टाकी घासली जाते, जुने गवत काढून नव्या ताट्या बसवल्या जातात, पंप पाणी खेचतो का ते पाहिले जाते आणि कूलर खिडकीला लागतो. एवढी सगळी तयारी होते, पण त्या लोखंडी डब्याला अर्थिंग आहे का, हे मात्र फार थोड्या घरांत तपासले जाते. मग एप्रिल-मे महिन्यांत कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यात कधी पाणी भरायला गेलेली बाई असते, कधी खेळता खेळता हात लागलेले मूल असते.

उन्हाळ्यातले बहुतेक अपघात असेच रोजच्या कामात होतात. पाणी भरताना, बांध पेटवताना, पोहताना, अंगणात झोपताना. आपण घरच्यांना दिवसातून दहा वेळा ‘जपून’ म्हणतो. ते म्हणावेच. पण प्रसंग ओढवला की डोके चालत नाही, हाताशी जे असेल तेच उपयोगी पडते. म्हणून शेततळ्याच्या काठावर बांधलेला दोर मला शंभर सूचनांपेक्षा मोलाचा वाटतो. या लेखात मुख्यतः अशा आधी करून ठेवायच्या सोयींबद्दलच लिहिणार आहे.

कूलर आणि घरातली वीज

कूलरमध्ये लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असतात. पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या वायरचे आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. वीज पत्र्यात उतरते, बाहेरून काहीच दिसत नाही, कूलर नेहमीसारखा चालू राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने हात लावला की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते. अर्थिंग असेल तर ती माणसाऐवजी तारेतून जाते. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन त्यासाठीच असते. पण भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोके आहेत म्हणून ती पिन काढून टाकणारे, किंवा वायरची टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खुपसणारे लोक आजही आहेत.

अर्थिंगबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जमिनीत पुरलेल्या पट्टीभोवतीची माती ओलसर असेल तरच अर्थिंग नीट काम करते. उन्हाळ्यात ती माती सुकते आणि जेव्हा सर्वात जास्त गरज असते तेव्हाच अर्थिंग कमजोर पडते. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा असेल तर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. खड्डा कुठे आहे हेच माहीत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि कूलरच्या सॉकेटपर्यंत अर्थिंग येते का ते मोजून घ्या. त्याच वेळी मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बरेच कारागीर त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. एमसीबी जादा भाराने किंवा शॉर्ट सर्किटने पडतो आणि वायरिंग जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारी वीज त्याच्या मानाने इतकी थोडी असते की तो हलतही नाही. ती गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडण्याचे काम आरसीसीबी करतो. घराच्या खर्चात त्याची किंमत फार नाही. एसी घेण्याआधी हे काम करा, असे मी आग्रहाने सांगेन.

पाणी भरण्याचा नियम घरातल्या प्रत्येकाला एकच शिकवा: आधी प्लग उपसायचा, मगच पाइप लावायचा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असूनही आत वीज असते. आणि कुणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला ओढायला धावू नका. त्याला धरणाराही चिकटतो, एकाच घरात दोघे जण जातात. मेन स्विच पाडा. तो दूर असेल तर पायात कोरडी चप्पल घालून कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला तिथून ढकला. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा पाडायचा, हे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही आजच दाखवून ठेवा.

एसीला स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट हवे. तो एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये. फ्रिज, एसी आणि गीझर एकाच जुन्या वायरवर टाकले की भिंतीच्या आत वायर तापत राहते. प्लग गरम लागणे, बोर्डापाशी जळका वास येणे, पंख्याचा वेग आपोआप कमी-जास्त होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी माणूस बोलवा. इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली किंवा घराच्या दाराशी रात्रभर चार्जिंगला लावू नका. बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच अडते. बॅटरी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला न लावता आधी निवू द्या आणि चार्जर कंपनीचाच वापरा.

ऊन बाधते तेव्हा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानात तासन् तास बसले होते. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हे नवल वाटेल. पण आपले शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत घाम अंगावरून नुसताच ओघळतो. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासून. तेव्हा मुंबई-ठाण्याच्या किंवा गोव्याच्या माणसाने ‘आमच्याकडे कुठे तेवढे ऊन असते’ असे म्हणू नये.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ आणि भरपूर घाम ही उन्हाचा त्रास सुरू झाल्याची खूण. तेवढ्यात माणसाला सावलीत आणून पाणी दिले की बहुधा निभावते. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा त्याला झटके आले की मात्र तो उष्माघात समजावा. अंग कोरडे आणि तापलेले असते असे सांगतात, पण उन्हात राबणाऱ्या मजुराला उष्माघात झाला तरी अंगावर घाम असू शकतो. घामावर विसंबू नका, बोलण्यावर लक्ष ठेवा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेलेले असते आणि त्यात जाणारे प्रत्येक मिनिट मेंदूला इजा करते.

अशा वेळी गाडी शोधण्यात वेळ जातो आणि तोवर माणूस तापतच राहतो. १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि तुम्ही पाणी ओतायला लागा. जे हाताशी असेल ते: विहिरीचे, टाकीचे, माठातले. कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत भिजवा आणि टॉवेलने, पुठ्ठ्याने, पंख्याने वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो. क्रोसिनसारख्या तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. कांदा नाकाशी धरणे, पायाला कांदा चोळणे यात वेळ घालवू नका.

पन्हे, ताक, कोकम सरबत, नाचणीची आंबील ही आपली उन्हाळ्याची पेये उत्तमच आहेत. घरात ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नको. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र पाणी आणि मीठ किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांकडे एक चक्कर टाका. गोळीची मात्रा बदलायची की नाही ते तेच सांगतील.

पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर एकटे राहणारे म्हातारे माणूस तुमच्या नात्यात किंवा शेजारात असेल तर दुपारी दोनला त्यांना फोन करा, शक्य असेल तर डोकावून या. वय वाढले की तहान लागल्याचे कळतच नाही. ‘मला काही होत नाही’ असे ते म्हणतीलच, पण तुम्ही समोर बसून पेलाभर ताक पाजा. खोलीत चाळिशीपार गरम हवा फिरवणारा पंखा अंग थंड करत नाही, ओला पंचा अंगावर असेल तरच तो उपयोगी पडतो.

लग्नसराईबद्दल एक विनंती. मुहूर्त साडेबाराचा, मंडप पत्र्याचा, वरात दुपारच्या उन्हात, आणि बँडवाले, आचारी, वाढपी सकाळपासून उभे. मुहूर्त गोरज धरा किंवा सकाळी आठचा धरा. पुष्कळ घरे आता असे करू लागली आहेत आणि त्यांच्याकडचे पाहुणे दुवा देऊन परततात.

वाळवणाचेही तसेच. कुरडयांचा चीक पहाटे शिजवून सात-साडेसातच्या आत घालून मोकळे व्हावे. तो चीक तेलासारखा अंगाला चिकटून भाजतो, म्हणून पातेले उतरवताना लहान मुले गच्चीवरही नकोत आणि चुलीपाशीही नकोत. पदर खोचलेला असू द्या, साडी सुती असू द्या. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो.

उभ्या मोटारीच्या धोक्याची जाणीव अजून आपल्याकडे पुरती रुजलेली नाही. उन्हात बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी वाढते. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा किती तरी वेगाने तापते. पाच मिनिटांत येतो म्हणून मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. पण त्याहून मोठा धोका खेळणाऱ्या मुलांना आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला रस्त्याकडेला उभ्या मोटारीत खेळायला शिरलेल्या भावंडांचा आत अडकून मृत्यू झाला. घरापुढची, वाडीतली, गॅरेजबाहेरची कोणतीही गाडी कुलूप न लावता ठेवू नका आणि मूल सापडेना झाले की विहीर, हौद यांच्याबरोबर आजूबाजूच्या गाड्याही लगेच उघडून पाहा.

विहीर, शेततळे, नदी

परीक्षा संपल्या की मुले पाण्याकडे धाव घेतात. त्यांना बंदी घालून भागत नाही, ती चोरून जातात आणि चोरून गेलेल्या मुलाच्या मदतीला कोणी नसते. मोठ्या माणसाने सोबत जाऊन पाठीला डबा बांधून पोहायला शिकवण्याची आपली जुनी रीत अतिशय चांगली होती. ती मोडू देऊ नका.

शेततळे मात्र पोहण्याची जागा नव्हे आणि हे ठासून सांगायला हवे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने गावोगावी तळी झाली, त्यांतल्या पुष्कळांना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे. त्यावर शेवाळ धरते. विहिरीला निदान पायऱ्या, कपारी, मोटेचे दगड असतात. शेततळ्यात उतरलेल्या माणसाला पकडायला काहीच नसते. उतारावर पाऊल टाकले की ते खाली घसरते, हात टेकला की तोही घसरतो. पट्टीचा पोहणाराही काठापासून चार हातांवर दमून बुडतो. पाणी काढायला, पंपाचा फूटव्हॉल्व्ह नीट करायला गेलेले शेतकरी आणि त्यांना वाचवायला उतरलेली त्यांची बायका-मुले अशीच गेली आहेत.

तळे तुमचे असेल तर येत्या रविवारी हे करा. चारही बाजूंना काठावर लोखंडी खुंट किंवा सिमेंटचे खांब रोवा. प्रत्येकाला जाड नायलॉनचा दोर बांधून, हातभर अंतरावर गाठी मारून, तळापर्यंत सोडून ठेवा. एका बाजूला जुने टायर एकमेकांना बांधून त्यांची शिडी करा. पाच लिटर तेलाचा रिकामा कॅन घट्ट बूच लावून लांब दोराला बांधा आणि खुंटाला अडकवून ठेवा. बुडणाऱ्याकडे तो फेकता येतो, तो तरंगतो आणि माणसाला तोलून धरतो. भोवती तारेचे कुंपण आणि कुलुपाचे फाटक करा. शेतात कामाला येणाऱ्या माणसांच्या मुलांना त्या तळ्याची ओळख नसते, त्यांच्यासाठी हे कुंपण जास्त गरजेचे आहे.

नदीत उन्हाळ्यात पाणी गुडघाभर दिसते, पण वाळू उपसलेल्या जागी ते एकदम दोन पुरुष खोल असते आणि वरून अंदाज येत नाही. कालव्यात तर ओढही असते आणि दोन्ही काठ गुळगुळीत असतात. तिथे धुण्याला बसताना मुलांना बरोबर नेऊच नये.

कुणी बुडताना दिसले तर उडी मारू नका. दोर, साडी, लांब बांबू, फांदी, जे मिळेल ते फेका किंवा पुढे करा आणि स्वतः पालथे पडून ओढा. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे यांनी जीव वाचत नाही, वेळ मात्र जातो. श्वास चालू नसेल तर उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने ३० वेळा दाबा, मग २ श्वास, पुन्हा ३०. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्या, फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही घात करते.

पाणी आटले की विहिरी उपसायचा, गाळ काढायचा हंगाम येतो. वापरात नसलेल्या विहिरीत, शोषखड्ड्यात, शेणाच्या टाकीत विषारी वायू साचलेले असतात. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी बायोगॅसची स्लरी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत सहा जण उतरले. पाच जण गेले. प्रत्येकाने मागच्याचे काय झाले ते डोळ्यांनी पाहिले होते, तरी माया स्वस्थ बसू देत नाही. म्हणूनच हे घरात आधी बोलून ठेवावे लागते: आत कोणी बेशुद्ध पडला तर कुणीही खाली जायचे नाही. कंबरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर ओढायला माणसे असल्याशिवाय मुळात पहिल्यानेही उतरायचे नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा पुरेशी नाही. प्राणवायू नसल्याचे ती दाखवते, पण विषारी वायू दाखवत नाही आणि शेणाच्या टाकीत तर ज्योतीने स्फोट होऊ शकतो.

बांध पेटवताना

मार्च ते मे या काळात जिल्ह्याच्या पानांवर एक छोटी बातमी पुन्हा पुन्हा येते. शेतातला पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पेटवताना वृद्ध शेतकऱ्याचा होरपळून मृत्यू. वय साठ-सत्तर, गेलेले एकटे, वेळ दुपारची. हे काम त्यांनी जन्मभर केलेले असते. पण वारा फिरतो, आग शेजारच्या उसाकडे निघते, ती विझवायला म्हातारा माणूस धावतो, धुराने गुदमरतो आणि तिथेच पडतो. लोकांना जाळ दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

पाचट न जाळणेच उत्तम. खोडवा राखायचा असेल तर पाचटाची कुट्टी करून ते सरीत दाबता येते. त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले की त्याचे खत होते, ओल टिकते, तणही कमी येते. कृषी खाते आणि साखर कारखाने यासाठी मार्गदर्शन करतात. तरीही बांध पेटवायचाच असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना पेटवा. भोवती आधी नांगराचे चार-पाच तास मारून मातीचा पट्टा उघडा करून घ्या. पाठीवरचा फवारणी पंप पाण्याने भरून जवळ असू द्या. सोबत किमान एक धडधाकट माणूस हवाच. शेजाऱ्याला आधी सांगा, कारण त्याचा कडबा, त्याची ठिबकची नळी आणि त्याच्या आंब्याची कलमे तुमच्या काडीच्या टप्प्यात आहेत. आग हाताबाहेर गेली तर तिच्यापुढे धावू नका. जिथे जळून गेले आहे अशा काळ्या जमिनीवर या, तिथे आग पुन्हा येत नाही. ऊस जातो तर जाऊ द्या. घरातल्या तरुणांनी वडिलांना हे काम एकट्याने करू देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

कडब्याची गंजी घरापासून, गोठ्यापासून आणि विजेच्या तारांपासून दूर रचा. तारा झोळ पडून लोंबकळत असतील तर वाऱ्याने एकमेकींवर घासून ठिणग्या पडतात आणि उभा गहू, ऊस पेटतो. महावितरणला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डीपीभोवतीचे वाळके गवत आपणच काढून टाकावे. गोठ्यातली दावी चटकन सुटतील अशा गाठीने बांधावीत, आगीत जनावरे मरतात ती बहुधा बांधलेली असल्यामुळे.

वणव्यांचा काळ वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून धरते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. झाडून घेऊन जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फुले स्वच्छही मिळतात. राखीव जंगलात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला तर १९२६ वर कळवा. डोंगरात सापडलात तर वर पळू नका, चढणीवर आग माणसापेक्षा वेगाने धावते. बाजूला किंवा उतारावर, उघड्या कातळाकडे जा. गडावर चूल पेटवणाऱ्यांनी कड्यातले आग्या मोहोळही पाहून ठेवावे. धूर लागला की माश्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, सरळ दूर पळत सुटावे.

रात्री अंगणात

उकाड्याने सगळे घर अंगणात किंवा ओसरीवर झोपते. जमिनीवरच्या अंथरुणात मण्यार शिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. असे झाले तर पित्त समजून वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. खाटेवर झोपा, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. दंश झाला तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. अवयव न हलवता माणसाला न्या. सरकारी रुग्णालयांत सर्पविषावरची लस मोफत मिळते.

कोकणात लाल विंचवाची भीती याहून मोठी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचवता येतात हे दाखवून दिले आणि एके काळी दगावणारी मुले वाचू लागली. पण ते औषध वेळेत मिळायला हवे. नांगी मारल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, लाळ गळू लागली, उलट्या झाल्या तर क्षणही न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सकाळी चप्पल, गोधडी, सरपण झटकल्याशिवाय हात घालू नये, हे मुलांच्या अंगवळणी पाडा.

वळवाच्या पावसात वीज पडते ती बहुधा दुपारनंतर, शेतातली कामे आवरायच्या घाईत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप जवळपास वीज पडत असल्याचा इशारा देते. ते घरातल्या एका तरी मोबाइलवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर मुळीच थांबू नका.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बटण लावूही नका, बंदही करू नका, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडते. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. कढईतले तेल पेटले तर पाणी न टाकता गॅस बंद करून वर झाकण सरकवा. भाजल्यावर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काहीही नको.

आता मोबाइल बाजूला ठेवून एक कागद घ्या आणि मोठ्या अक्षरांत लिहा: ११२ कोणत्याही संकटासाठी, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १९०६ गॅसगळती, १९२६ वन खाते. त्याखाली घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि शेतावर असाल तर गट क्रमांक व रस्त्यापासून वळायची जागा लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. कागद मुलांच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा, दुसरी प्रत शेतातल्या पंपाच्या पेटीच्या दाराला आतून लावा.